एक ओंडका जास्त

१

शिताके अळंबीचा ओंडका झोपलेला असतो, आणि त्याला उठवायचं ते मारूनच. आदल्या दिवशी हौदाच्या गार पाण्यात बुडवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून उभा धरायचा आणि डोक्यावर लाकडी मोगरी हाणायची, चांगली तीन-चार वेळा. आभाळ गडगडलं की अळंबी वर येते, तेव्हा आपण आभाळाचं सोंग आणायचं, एवढाच त्यामागचा विचार. कुरिसावाच्या डोंगरवाडीत सगळ्यांच्या घरी हेच चालतं.

त्सुयाको हे काम मन लावून करायची. तिचा नवरा साकुहेई तेच काम पायांबद्दल तक्रार करत करायचा.

"अहो, हळू! झोपेतून उठवायचंय त्याला, डोकं नाही फोडायचं."

"मग तू ये इकडे. माझे पाय गार पडलेत."

"तुमचे पाय लग्नाच्या दिवशीसुद्धा गारच होते."

"होतेच. तुला बघून पडले ते पडले."

आवाजावरून ओंडका ओळखायला तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. कच्चा ओंडका मोगरीखाली 'टण्' वाजतो, कारण आत अजून नुसतं लाकूडच असतं. शिताकेची पांढरी जाळी आतून पार मुरली, लाकूड ओलं आणि मऊ झालं, की तोच ओंडका 'बद्' वाजतो. असा ओंडका पिकलेला. तो भरभरून देतो आणि तीन-चार वर्षांत त्याचा भुसा होतो. ओंडक्याचं आयुष्यच तेवढं.

वाडीतले बाकीचे लोक वसंतात आणि शरदात पीक घेत आणि बर्फ पडला की ओंडके तसेच पांघरुणाखाली सोडून घरात बसत. त्सुयाकोला हे पटत नसे. थंडीतली शिताके सावकाश वाढते, बुटकी, जाडजूड, टोपीला पांढऱ्या भेगा पडलेली. तिच्यासारखी चव बाकी कुठल्या ऋतूत नाही. मग ती का सोडायची? देवदारांच्या झाडीत, वारा अडवणाऱ्या दरडीखाली तिने हिवाळ्याच्या जातीची वेगळी रांग मांडली. आडव्या बांबूला दोन्ही बाजूंनी टेकवलेले ओंडके, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर पेंढ्याच्या चटया. झऱ्याचं पाणी तिथे कडाक्याच्या थंडीतही गोठत नव्हतं. असं तिचं पीक बारमाही झालं.

"बर्फाला शिताके लागणार म्हणे," शेजारचा तोमेगोरो म्हणाला होता. "उद्या माशांना पिसं लावा, वहिनी."

पहिल्याच हिवाळ्यात तिने टोपलीभर शिताके त्याच्या दारात नेऊन ठेवली, आणि टोपली परत घ्यायला मुद्दाम आठवडाभर गेली नाही.

बारमाही पिकाला सुट्टी नसते. कुरिसावाला मात्र एक सुट्टी होती, बाराव्या महिन्याची बारा तारीख. त्या दिवशी डोंगराचा देव आपली झाडं मोजतो. त्या दिवशी डोंगरात कुणी पाय ठेवायचा नाही, कारण जो तिथे सापडेल तो झाडांत मोजला जातो. बाकीच्यांना काय, त्यांचे ओंडके बर्फाखाली घोरत असायचे. त्सुयाकोच्या रांगेवर मात्र नेमक्या तेव्हाच कळ्या धरलेल्या असायच्या.

"देवाला सुट्टी असेल," ती दर वर्षी म्हणायची, "अळंबीला नसते." आणि दर वर्षी, चरफडत का होईना, घरी बसायची.

२

त्या वर्षीही वाडी इशिनो आजींच्या घरी जमली होती. आजी वाडीत सगळ्यांत वडील. त्यांच्याकडे मोचीच्या गोळ्यांसाठी चिकट भात कुटून झाला होता, ताटल्या फिरत होत्या. साकुहेई कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई अशा बुटक्या मेजाखाली, छातीपर्यंत शिरून बसला होता आणि त्याला जगाकडून काहीही नको होतं.

दुपारी त्सुयाको चहाचं पाणी आणायला मागच्या दारी गेली तेव्हा तिला आवाज ऐकू आला.

टण्.

थोडं थांबून पुन्हा, टण्. वरून, देवदारांच्या झाडीतून. लाकडावर लाकूड. हा आवाज तिच्या हाडात मुरलेला होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. तिच्या रांगेवर कुणीतरी मोगरी चालवत होतं.

तिच्या अंगाची आग झाली. त्या ओंडक्यांना आज मारायचं नव्हतं! हवा दोन दिवस नरम होती. आत्ता उठवले तर सगळ्या कळ्या एकदम वर येणार आणि मग थंडीचा पहिला तडाखा बसला की काळ्या पडून गळणार. नव्या वर्षाचं अख्खं पीक मातीत जाणार. ती तरातरा आत आली आणि खोलीभर नजर फिरवली. तोमेगोरो तोंडात मोची कोंबून बसला होता. त्याची बायको, खालच्या घरचे दोघे भाऊ, सगळे होते. वाडीतलं एकही माणूस बाहेर नव्हतं.

"माझे ओंडके कोण बडवतंय?"

"कुणी नाही," इशिनो आजी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. "बस खाली. चहा घे."

"ऐकू येतंय की! खालच्या गावचा कुणी आलाय. आज इथलं कुणी वर जात नाही हे बघून आलाय मेला. मी जाते."

आजींनी तिची बाही धरली. ऐंशी वर्षांच्या हाताला केवढी ताकद.

"सोडा आजी! तुमच्या देवाच्या नावाखाली चोराचं फावतंय."

तेव्हा साकुहेई कोतात्सूतून निघाला. आधी एक पाय, मग दुसरा, कण्हत. "तू गेलीस तर चोराचा जीव जाईल," तो म्हणाला. "मीच बघून येतो." लोक हसले. आजी हसल्या नाहीत.

तो गेल्यावर त्सुयाको मागच्या दारात उभी राहिली. आवाज चालूच होता आणि आता तिला त्यात काहीतरी खुपलं. ओंडका उठवायचा तर त्याच जागी तीन-चार घाव घालावे लागतात. इथे प्रत्येक जागी एकच घाव पडत होता. टण्, आणि आवाज हातभर पुढे. टण्, आणि आणखी हातभर पुढे. कुठला अडाणी आहे हा, तिला वाटलं, ह्याला धड चोरीसुद्धा करता येत नाही.

मग एक घाव वेगळा पडला. बद्.

त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

३

साकुहेई तासाभराने आला. "कुणी नव्हतं," तो म्हणाला.

"कळ्या?"

"ठीक आहेत."

एवढंच. वाटेत कसा घसरलो, बर्फ कुठे कुठे शिरला, पायांची बोटं कशी गेली, यातलं एक अक्षर नाही. त्सुयाकोला तेव्हा बरंच वाटलं. घरी येऊन तिने त्याला शेगडीजवळ बसवलं आणि मिसोचं सूप गरम करायला गेली. परत आली तर तो उत्तरेच्या ओसरीवर जाऊन बसला होता, जिथे सबंध संसारात तो हिवाळ्यात एकदाही बसला नव्हता.

"डोकं फिरलं की काय? चला आत."

तो आला. सूप प्यायला. त्याच्या खांद्यांवर बर्फ होता. तिने झटकला नाही, शेगडीजवळ वितळेलच म्हणून. जेवणं झाली, भांडी झाली, तिने गाद्या घातल्या. बर्फ खांद्यांवर तसाच होता, कोरडा, पांढरा.

हवाच तशी कोरडी आहे, तिने मनाशी म्हटलं. अंगरखा जाड आहे, ऊब बाहेर येत नसेल. पटण्यासारखं होतं. तिने हाताने बर्फ झटकला. त्याचा खांदा अंगरख्याखाली टणक लागला आणि तिने हात जरा लवकरच मागे घेतला.

४

पुढचे महिने त्सुयाको भांडत होती. तालुक्याच्या डॉक्टरशी भांडली. तो पोरगेला डॉक्टर साकुहेईला वार विचारत होता, पक्ष्यांची चित्रं दाखवत होता. साकुहेई प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता, फक्त फार वेळाने.

"वयाप्रमाणे होतं असं," डॉक्टर म्हणाला. "माणूस गप्प होतो. थंडी-ऊन कळेनासं होतं."

"गप्प? हा माणूस झोपेतसुद्धा बडबडायचा! तुम्ही त्याला आधी पाहिलं होतंत का? नाही ना? मग कशाच्या जोरावर सांगताय?"

फोनवर मुलीशी भांडली. नात्सुए सेंदाईला नोकरीला होती. तिने मायेनेच म्हटलं, "आई, बाबांना इकडे आणूया का? तू एकटी किती करशील? आणि ते ओंडके आता पुरे कर."

"ओंडक्यांचं नाव काढू नकोस. बाबा तुझे बरे होतील."

"आई, हा आजार बरा होत नाही."

तिने फोन ठेवून दिला. सगळं जग डोकं हलवून समजूतदारपणे बोलत होतं आणि तिला त्या समजूतदारपणाचा संताप येत होता. पंचेचाळीस वर्षं ज्याच्या पायांना तेल चोळलं तो माणूस तिला कळत नव्हता का? ओसरीवर बसलेला माणूस साकुहेईसारखा दिसत होता, सांगितलं की जेवत होता, हाक मारली की वळत होता. पण तो पायांबद्दल बोलत नव्हता. त्याचे पाय तिने रात्री चाचपून बघितले होते. गार होते, आणि त्याचं त्याला काहीच नव्हतं.

पाऊस आला की तेवढा तो आपण होऊन उठायचा. अंगणात जाऊन उभा राहायचा, तोंड वर करून.

५

बर्फ वितळल्यावर ती ओंडके फिरवायला वर गेली. पिकाची बाजू बदलावी म्हणून वसंतात प्रत्येक ओंडका खालचा वर करतात. रांगेच्या टोकाला पोचली आणि थांबली.

एक ओंडका जास्त होता.

तिने प्रत्येक ओंडका स्वतःच्या हाताने लावलेला होता. प्रत्येकाला सालीत भोकं पाडून बियाण्याच्या खुंट्या ठोकलेल्या, वर मेणाचे ठिपके. ह्याला एकही भोक नव्हतं. दिसायला ओकच, कमरेएवढा उंच, बाकीच्यांसारखाच बांबूला टेकलेला. कुणाचा तरी टाकून दिलेला, तिला वाटलं. मग तिने त्याचं डोकं पाहिलं. करवतीने कापलेल्या ओंडक्याच्या टोकाला लाकडाची गोल वलयं दिसतात. ह्याच्या टोकावरही साल चढलेली होती, मुठीवर कातडी असते तशी सलग. हा ओंडका कुणी कापलेलाच नव्हता.

ती तणतणत तोमेगोरोकडे गेली. "थट्टेलाही काही सुमार असतो, तोमेसान! तुमचा ओंडका माझ्या रांगेत कशाला?"

"माझा कुठला वहिनी? मला माझेच उचलवत नाहीत." पण तो तिच्याबरोबर वर आला. ओंडका बघून त्याने टोपी काढली, जवळ गेला नाही.

"ह्याला हात लावू नका," तो म्हणाला आणि तिच्यासाठी न थांबता उतरायला लागला.

हात लावू नका! स्वतःच्या रांगेत! तिने मोगरी उचलली आणि त्या ओंडक्याच्या कुशीत एक घाव घातला.

बद्, असा आवाज आला. बियाणं नसलेला, भोकसुद्धा नसलेला ओंडका आतून पिकलेला वाजला.

संध्याकाळी साकुहेईला अंघोळ घालताना तिला त्याच्या बरगडीवर डाग दिसला. काळानिळा, गोल. मोगरीच्या तोंडाएवढा.

"कशाने लागलं हो?"

तो फार वेळ विचार करत राहिला. "लागलं," तो म्हणाला.

त्या रात्री त्सुयाकोने खूप वेळ तर्क लढवले. ओसरीच्या कठड्यावर आपटला असेल. म्हातारपणी कातडी पातळ होते, डाग पडतात. सगळे तर्क चांगले होते. सकाळी मात्र ती वर गेली, त्या ओंडक्यापुढे गुडघे टेकून बसली आणि मोगरी लागलेल्या जागी साल हाताने चोळत राहिली. रडायलाही आलं, पण त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते तिला नीट सांगता आलं नसतं.

६

तिने तो घरी आणायचं ठरवलं. ओंडका हलेना. एका माणसाने बगलेत मारून न्यावा एवढा तो ओंडका, पण तिने ओढला, पहारीने उचकला, तो जागचा हलला नाही. खालच्या घरच्या दोघा भावांना दोर घेऊन नेलं. दोर तुटला. त्यांनी पुन्हा यायला नकार दिला.

उन्हाळ्यात ती त्याला पाणी घालत होती. वर सावलीची जाळी बांधली होती. वाडीने बघून न बघितल्यासारखं केलं.

शरदात इतर ओंडके पिकाला आले. एका सकाळी तिला त्या ओंडक्याच्या सालीवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले. शेजारच्या ओंडक्यांची जाळी त्याच्यात शिरली होती. कळ्या होत्या त्या. ती धावत घरी आली आणि ओसरीवर बसलेल्या साकुहेईची मानेवरची कॉलर खाली ओढली. केसांच्या खाली, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, कातडी बारीक बारीक उचलली होती. पांढरी. मऊ.

तिने कॉलर वर केली. नीट केली. बटणसुद्धा लावलं.

पिकलेल्या ओंडक्याचा भुसा व्हायला किती वेळ लागतो हे तिला कुणी सांगायला नको होतं.

ती तशीच इशिनो आजींकडे गेली, चपला न काढता दारातच उभी राहिली. "कसा सोडवायचा ते सांगा."

आजी वाळवणासाठी पर्सिमनची फळं सोलत होत्या. "मोजलेलं हलत नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोजेपर्यंत."

"म्हणजे त्या दिवशी हलेल? मोजणी सुरू व्हायच्या आधी?"

"त्सुया, मोजणीत कमी पडलं तर तो पुन्हा मोजतो."

"मोजू दे! शंभरदा मोजू दे! बायकोला नवरा ओळखता येतो आणि देवाला माणूस ओळखता येत नाही? झाडाला कधी अंगरखा असतो? झाड कधी पाय गार पडले म्हणून कुरकुरतं? चूक त्याने केली आणि फेडायची आम्ही?"

आजींनी सुरी खाली ठेवली. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण त्सुयाको निघूनही गेली होती.

७

बारा तारखेला उजाडताच ती निघाली. वाडीतल्या धुराड्यांतून धूर निघत होता, मोची कुटण्याचे आवाज येत होते. ओंडके ओढायची लाकडी घसरगाडी मागे घेऊन ती दिवसाढवळ्या सगळ्यांच्या दारांवरून गेली. तोमेगोरोच्या बायकोने खिडकी लावून घेतली.

झाडीत वारा नव्हता. रांग पेंढ्याखाली शांत होती. तिने चटई बाजूला केली, त्या ओंडक्याला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि उचलला. तो आला. वाळल्या लाकडाएवढा हलका, लगेच, इतका की ती मागच्या मागे बर्फात बसली. गाडीवर ठेवून तिने त्याच्यावर साकुहेईचा जुना अंगरखा टाकला, दोर खांद्यावर घेतला आणि मागे वळून न बघता उतरली.

अंगणात पाय ठेवला आणि ओसरीवरून शिंक ऐकू आली.

"त्सुया! कुठे उलथली होतीस?" साकुहेई दोन्ही पाय हातात धरून बसला होता. "पायांचे दगड झालेत माझ्या. मला इथे गारठ्यात कुणी बसवलं?"

तिने मागे बघितलं. गाडीवर नुसता अंगरखा होता. त्याच्या मधोमध एक लांबट खोलगा पडला होता, बस्स.

तिने त्याला आत नेलं, कोतात्सूत बसवलं, पाय मांडीवर घेऊन चोळले. तो ओरडत होता, हळू चोळ म्हणून. तिला त्याची ओरड पुरत नव्हती. मानेवर बघितलं, कातडी साफ होती. तो मोची मागून मागून खात होता.

"चोर काही सापडला नाही बघ," तो म्हणाला.

"कुठला चोर?"

"अगं, आत्ता नाही का गेलो मी? तूच पाठवलंस." मग तो जरा गोंधळला. "बराच वेळ उभा होतो वाटतं. रांग मोठी होती. बोलत नव्हतं कुणी." पुढे त्याला आठवेना. "मुळ्याचं लोणचं संपलं का?"

ती लोणचं काढायला उठली. डोळे पुसायला तेवढं निमित्त पुरलं.

दुपार कलली. आवाज सुरू झाला.

टण्. टण्. वर झाडीत, एकेक घाव, हातभर पुढे, हातभर पुढे. रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि थांबला. त्सुयाको लोणच्याच्या बरणीत हात तसाच ठेवून ऐकत होती. शांतता लांबत गेली. मग पहिल्यापासून पुन्हा. टण्. टण्. टण्. पुन्हा टोकाशी येऊन थांबला.

"कोण ठोकतंय?" साकुहेईने विचारलं.

"तोमेसान असेल."

"त्याला दुसरा धंदा नाही."

तिसऱ्या वेळी आवाज रांगेच्या टोकाशी थांबला नाही. वाटेवरच्या देवदारांवर आला. नंतर लाकडी पुलाच्या कठड्यावर, प्रत्येक खांबाला एक. नंतर तोमेगोरोच्या कुंपणावर. घाई नव्हती, राग नव्हता. एखादा कारकून बोटाने यादी पुढे सरकवतो तसा तो उतारावरून येत होता, आणि त्याच्या त्या शांतपणाने तिच्या डोक्यात तिडीक गेली.

ती वळली. साकुहेईची मोची तोंडाशी तशीच थांबली होती. तोंड उघडं होतं, शब्द निघत नव्हता. कोतात्सूची रजई गळ्यापर्यंत, शेगडी रसरसलेली, आणि त्याच्या खांद्यावर बर्फाचा एक कण होता.

तिने तो बोटाने टिपला. मग कोनाड्यातली मोगरी घेतली.

८

बाहेर उजेड होता, करडा, संथ. बर्फ पडायला लागला होता. तिने दार मागे ओढून घेतलं आणि ओसरीच्या पायरीवर उभी राहिली.

टण्. अंगणाच्या कडेचं पर्सिमनचं झाड. फांदीवरचा बर्फ सांडला. झाडाजवळ कुणी नव्हतं. म्हणजे तिला तिथे कुणी दिसलं नाही. बर्फ पडताना मात्र एका जागी पडत नव्हता, झाडापेक्षा उंच अशी एक जागा होती जी तो चुकवून खाली येत होता.

"थांबा तिथेच!" त्सुयाको ओरडली. तिचा आवाज पंचेचाळीस वर्षं ह्या अंगणात चालला होता, आजही चालला. "गेल्या वर्षी चुकीचं मोजलंत तुम्ही. आमचा माणूस नेलात. वर्षभर त्याला पावसात उभा केलात. लाज नाही वाटत? एवढा मोठा डोंगर आहे तुमचा, एका ओंडक्यावाचून अडतं?"

टण्. कपडे वाळत घालायचा बांबू.

"मला मोजणी दाखवू नका! ह्या घरात झाड नाही. ह्या घरात एक म्हातारा आहे, त्याला थंडी सोसत नाही. जन्मात कधी सोसली नाही. ऐकताय ना?"

टण्. ओसरीचा पहिला खांब. तिच्यापासून हातभर.

पुढे दार होतं, आणि दारामागे साकुहेई. त्सुयाको दार आणि खांब यांच्या मधे सरकली. मोगरी उगारलेली होती. कुणावर मारायची हे न कळल्याने ती हळूहळू खाली आली.

"बरं," ती म्हणाली. अजूनही रागातच. "मला सोसते."

घाव छातीवर पडला. जोरात नव्हता. झोपेतून उठवण्यापुरता, ती नवऱ्याला जन्मभर शिकवत आली तेवढाच हळू.

बद्.

तिने आवाज ओळखला. तिला तो ओळखू येणारच होता.

मग अंगण शांत झालं. पुढे कुठे टण् झालं नाही. आतून साकुहेईच्या भांडी खडबडवण्याचा आवाज आला, आणि मग त्याचा तो रडका, जिवंत सूर.

"त्सुया! फटीतून वारा येतोय गं. दार नीट लाव. आणि लोणचं कुठे ठेवलंस? माणसाने किती वेळ वाट बघायची?"

तिच्याजवळ उत्तर तयार होतं. चांगलं झणझणीत उत्तर, ऐकल्यावर तो पुढे तासभर कुरकुरत बसला असता. ती वळून ते देणार होती. बर्फ पडत राहिला, तिच्या केसांवर, तिच्या दोन्ही खांद्यांवर, आणि वितळत नव्हता.